समोरासमोरच्या बोलण्यात येणारी माहिती : अंगावरच्या उपकरणांच्या रचनेचा आढावा

व्याप्ती

दोन माणसे समोरासमोर बोलत असताना त्यांतल्या एकाला, बोलणे न थांबवता, अंगावरच्या उपकरणातून माहिती मिळावी ही कल्पना आता प्रयोगशाळेबाहेर आली आहे. ही माहिती म्हणजे समोरच्याचे नाव असेल, मागच्या भेटीत झालेल्या बोलण्याचे टिपण असेल, परक्या भाषेतल्या वाक्याचे भाषांतर असेल किंवा कर्णबधिर माणसासाठी चालू बोलण्याची लेखी ओळ असेल. ती पोहोचण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत: चष्म्याच्या काचेवर उमटणारी अक्षरे, कानात येणारा आवाज आणि कातडीला जाणवणारा कंप. पावले मोजणारे घड्याळ किंवा नाडी पाहणारा पट्टा या आढाव्यात धरलेला नाही, कारण त्यांचा संबंध घालणाऱ्या एकट्याशी असतो. इथे समोर दुसरा माणूस असतो, आणि रचनेचे बहुतेक कठीण प्रश्न त्याच्या असण्यातून निघतात.

उपकरणांआधीची रीत

बोलता बोलता माहिती पुरवण्याची गरज जुनी आहे. नाशिकला रामकुंडावर धार्मिक विधींसाठी आलेल्या कुटुंबाला तीर्थपुरोहित गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पूर्वी येऊन गेलेल्या आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या पुरोहित घराण्यांनी अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. माहिती देण्याची ही पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. वही दोघांच्या मध्ये उघडते. पान सापडेपर्यंत बोलणे थांबते, पण ते कोणाला खटकत नाही, कारण दोघेही एकाच गोष्टीची वाट पाहत असतात. नाव चुकले असेल तर यजमान तिथल्या तिथे दुरुस्त करतो, नव्याने जन्मलेल्यांची नावे सांगतो आणि वहीत भर पडते. ज्याच्याबद्दलची माहिती आहे तोच तिच्यासमोर बसलेला असतो.

दुसरी रीत कानाशी सांगण्याची. लग्नाच्या मांडवात यजमानीणबाईंच्या मागे उभी राहून ‘ही आपल्या धुळ्याच्या आत्यांची धाकटी सून’ असे हळूच सांगणारी एखादी जाणती बाई प्रत्येक घरात असते. रंगमंचावर विंगेतला प्रॉम्प्टर हेच काम करतो. प्राचीन रोममध्ये प्रतिष्ठित नागरिकाबरोबर चालणारा आणि समोरून येणाऱ्याचे नाव कानात सांगणारा गुलाम असे. त्याला नोमेन्क्लेटर म्हणत. इथे माहिती एकालाच कळते आणि ती बाहेरून आली आहे हे दुसऱ्याला कळू नये, हाच हेतू असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या उपकरणांनी बहुतांशी ही दुसरी वाट धरली. पहिल्या वाटेचा विचार फार थोड्यांनी केला.

तीन दशकांची वाटचाल

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये थॅड स्टार्नर 1993 पासून डोळ्यासमोर छोटा पडदा, एका हातात मावणारा कीबोर्ड आणि अंगावर संगणक घेऊन रोजचे व्यवहार करू लागले. समोरचा काय बोलला हे ते बोलता बोलता टिपून ठेवत. त्यांचे सहकारी ब्रॅडली ऱ्होड्स यांनी ‘रिमेम्ब्रन्स एजंट’ नावाची प्रणाली तयार केली. ती घालणाऱ्याच्या जुन्या टिपणांतून प्रसंगाला जुळणारे टिपण शोधून एका ओळीत समोर ठेवत असे. जागा कोणती, वेळ कोणती आणि समोर कोण आहे यांवर ती निवड होई. कॅनडात वाढलेले स्टीव्ह मान हे याच काळात एमआयटीत होते आणि कॅमेरा व पडदा अंगावर वागवण्याचे प्रयोग त्यांनी त्याआधीपासून चालवले होते. 1997 मध्ये या क्षेत्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे भरली. तोवर हा मूठभर संशोधकांचा विषय होता आणि माहिती प्रामुख्याने घालणाऱ्याच्या स्वतःच्या नोंदींतली होती. ती अजून जगभरच्या जाळ्यातून फारशी येत नव्हती.

हे दोन्ही गुगल ग्लासने बदलले. 2013 मध्ये निवडक लोकांना 1500 डॉलरला मिळालेल्या या चष्म्याने हा विषय हॉटेलांत आणि रस्त्यावर आणला. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखून नाव दाखवणारी ॲप्स येऊ घातली तेव्हा गुगलने त्याच वर्षी अशा ॲप्सना मनाई केली. जानेवारी 2015 मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. कारखान्यांसाठीची आवृत्तीही मार्च 2023 मध्ये बंद झाली. मग दुसऱ्या कंपन्यांनी नेहमीच्या चष्म्यासारखी दिसणारी उपकरणे आणली. मेटा आणि रे-बॅन यांचा कॅमेरा-चष्मा 2021 मध्ये आला, त्याची नंतरची आवृत्ती मे 2025 मध्ये भारतात विक्रीला आली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये काचेत पडदा असलेली आवृत्ती अमेरिकेत 799 डॉलरला जाहीर झाली. ग्लास घातलेला माणूस लांबून ओळखू येई. नव्या चष्म्यांकडे पाहून काही कळत नाही, आणि या उपकरणांवरच्या वादाचे स्वरूप बदलण्यामागे हा फरक मोठा आहे.

संभाषणाचा वेग आणि नजर

माहिती कुठे दिसावी यापेक्षा ती केव्हा यावी हा प्रश्न अवघड निघाला. दहा भाषांची तुलना करणाऱ्या 2009 च्या एका अभ्यासात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांचे अंतर आढळले. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच ऐकणारा उत्तराची जुळवाजुळव करत असतो. डोळा एका जागेवरून दुसरीकडे वळायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. नजरेलाही संभाषणात काम असते. संशोधक ॲडम केंडन यांनी 1967 मध्ये दाखवले की बोलणारा वाक्याच्या सुरुवातीला बऱ्याचदा नजर बाजूला घेतो आणि शेवटाकडे येताना पुन्हा ऐकणाऱ्याकडे पाहतो. ती नजर म्हणजे ‘आता तुम्ही बोला’ अशी खूण असते. काचेवरची ओळ वाचायला वळलेली नजर ही खूण पुसते किंवा चुकीची खूण देते.

प्रयोगांतून हेच वेगवेगळ्या बाजूंनी पुढे आले. 2006 च्या एका अभ्यासात डोळ्यासमोरचा पडदा नुसता घातलेला असताना गप्पांवर फारसा परिणाम झाला नाही. पडद्यावर माहिती येऊ लागताच नजरभेट आणि लक्ष दोन्ही घटले. वस्तूपेक्षा तिच्यातला मजकूर अडचणीचा, असा त्याचा अर्थ.

या विषयाला सर्वांत थेट भिडणारा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडला. बोलत असताना माणूस किती माहिती पचवू शकतो आणि ती मिळते आहे हे समोरच्यापासून कितपत लपवू शकतो, हे त्यांनी मोजले. आवाजापेक्षा दृश्य माहिती, एकेक तुकड्यापेक्षा काही तुकडे एकदम, आणि घालणारा स्वतः बोलत नसतानाचा क्षण, या जुळणीत दोन्ही बाबतींत कामगिरी सरस ठरली. भाग घेणाऱ्यांना मात्र एका वेळी एकच तुकडा येणे सोपे वाटले. जे चांगले जमते आणि जे सुखाचे वाटते, त्यांत असे अंतर निघणे रचनाकाराला विचारात पाडणारे आहे. या अभ्यासाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: माहिती लपवता येणे हे त्यात यशाचे माप होते. हे माप संशोधकांनी मनाने काढलेले नव्हते, घालणाऱ्यांना तेच हवे असते. पण त्या मापात समोरच्याचे हित कुठे बसते, हे विचारायला क्षेत्राला पुढे बराच वेळ लागला.

रॉचेस्टर विद्यापीठात 2015 मध्ये भाषण करणाऱ्यांसाठी केलेल्या प्रयोगात ग्लासवर आवाजाची पातळी आणि बोलण्याची गती दाखवली गेली. सतत हलणाऱ्या आलेखापेक्षा सुमारे 20 सेकंदांनी येणारा ‘मोठ्याने’ किंवा ‘हळू’ एवढाच शब्द लोकांना पसंत पडला. कमी आणि विरळ माहिती चालते, याबद्दल आता बऱ्यापैकी एकमत आहे. किती कमी, हे प्रसंगावर अवलंबून राहते.

साहाय्य म्हणून पाहणारी भूमिका

या उपकरणांच्या बाजूने दोन वेगळे युक्तिवाद आहेत आणि ते एकत्र केले की गोंधळ होतो. पहिला स्टार्नर-मान यांच्या परंपरेतला: उपकरण हे स्मरणशक्तीचे विस्तारित रूप आहे, आणि खिशातून फोन काढून मान खाली घालण्यापेक्षा काचेकडे क्षणभर पाहणे संभाषणाला कमी जाचक आहे. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो फोनशी केलेल्या तुलनेवर उभा आहे. काहीच न पाहण्याशी तुलना केली तर 2006 चा निष्कर्ष त्याच्या आड येतो.

दुसरा युक्तिवाद अपंगत्वाच्या बाजूने येतो आणि तो अधिक भक्कम आहे. कर्णबधिर माणसाला फोनवरची लेखी ओळ वाचायची तर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आणि ओठांवरून नजर काढावी लागते. तीच ओळ चष्म्यात आली तर चेहरा आणि अक्षरे एकाच रेषेत येतात. गुगलच्या संशोधकांनी 2020 मध्ये अशा चष्म्याचा नमुना मांडला आणि पुढे काही कंपन्यांनी ती सोय बाजारात आणली. अंध व्यक्तींसाठी ॲरिझोना स्टेट विद्यापीठात सेतुरामन पंचनाथन यांच्या गटाने कंबरेच्या पट्ट्याचा प्रयोग केला. समोरचा माणूस कोणत्या दिशेला आहे हे कंपाच्या जागेवरून आणि किती अंतरावर आहे हे कंपाच्या लयीवरून कळे, कान मोकळा राही. डोळस माणसाला जे विनासायास मिळते तेवढेच इथे मिळते, त्याहून जास्त काही नाही. म्हणूनच इथे ‘एकाला जास्त कळते’ हा आक्षेप लागू पडत नाही.

स्वमग्न मुलांसाठीचे प्रयोग मात्र वादाच्या मधोमध आहेत. स्टॅनफर्डच्या गटाने समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखून मुलाला सांगणारी ग्लासवरची प्रणाली 71 मुलांच्या चाचणीत वापरली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नेहमीच्या उपचारांना तिची जोड मिळालेल्या मुलांच्या सामाजिक वर्तनात अधिक सुधारणा दिसली. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा धांडोळा घेऊन म्हटले की चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलेला मुद्दा आणखी मुळाशी जातो: स्वमग्न आणि इतर माणसांतली न समजण्याची अडचण दुतर्फा असते, मग उपकरण फक्त एकाच्या नाकावर का? युरोपीय संघाने 2024 च्या कायद्यात कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली. घरातला आणि दवाखान्यातला वापर त्यामुळे थांबलेला नाही.

समोरच्याच्या बाजूने पाहणारी भूमिका

ऑक्टोबर 2024 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणारा कॅमेरा-चष्मा, चेहरा शोधणारे संकेतस्थळ आणि भाषा-प्रारूप जोडून दाखवले की रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाचे नाव-गाव काही क्षणांत काढता येते. धोका दाखवणे हा त्यांचा हेतू होता, त्यांनी संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली नाही. चेहरा हा पासवर्डासारखा बदलता येत नाही आणि झाकून हिंडताही येत नाही, हे या आक्षेपाचे मूळ आहे.

उत्पादकांचे उत्तर म्हणजे चष्म्यावरचा छोटा दिवा. चित्रण चालू असले की तो लागतो. 2021 मध्येच आयर्लंड आणि इटलीच्या नियामकांनी असा दिवा पुरेशी सूचना देतो का, असे विचारले होते. शिवाय दिवा चित्रणाबद्दल सांगतो. काचेवर काय दिसते आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

भारतात 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरली आणि 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पुतण्याने काकांचे नाव फोनमध्ये साठवणे आणि चष्म्याने अनोळखी बाईचे नाव शोधणे, दोन्हींना ‘खासगी कारण’ म्हणता येईल का, हा मुद्दा कायद्याच्या भाषेतून सुटत नाही. कंपनीवर जबाबदारी येते, घालणाऱ्याचे काय ते मोकळेच राहते.

पहिली वाट : दोघांना दिसणारी माहिती

या वादात नाशिकशी नाते असलेले एक नाव येते. नाशिकमध्ये वाढलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत संशोधन करताना डोक्यावरच्या पडद्याऐवजी प्रोजेक्टरने माहिती थेट वस्तूंवर आणि भिंतींवर टाकण्याचा मार्ग धरला. 2005 मध्ये ऑलिव्हर बिंबर यांच्याबरोबर त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. वास्तवात भर घालायची तर ती प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळी न घालता जागेवरच घालावी, हा त्या पद्धतीचा गाभा.

मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक रचना केंद्रात शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी एमआयटीत पॅटी मेस यांच्या गटात तयार केलेले ‘सिक्स्थ सेन्स’ याच कुळातले. गळ्यातल्या लोलकात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, सुटे भाग सुमारे 350 डॉलरचे. 2009 मध्ये ते जगासमोर आले तेव्हा दाखवलेला एक उपयोग होता भेटणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर त्याच्याशी संबंधित शब्दांचा पुंजका टाकण्याचा. तेव्हा तो गमतीचा वाटला आणि आज तो भीतिदायक वाटू शकतो. तरी एक गोष्ट त्यात होती: आपल्याबद्दल काय दिसते आहे हे त्या माणसाला खाली पाहून वाचता येत होते. रामकुंडावरच्या वहीचा गुण तो हाच. पुढे ही वाट फारशी चालली नाही. उन्हात प्रोजेक्टरची अक्षरे फिकी पडतात, आणि माहिती दोघांनाच नव्हे, शेजारच्या दहाजणांनाही दिसते. सामायिक पडद्याची कल्पना तिच्या योग्यतेपेक्षा लवकर बाजूला पडली असे म्हणायला जागा आहे. घड्याळाचा पडदा समोरच्याकडे वळवणे, भाषांतर दोघांनाही ऐकू येईल असे बोलणे, अशा साध्या रूपांत ती आजही शक्य आहे.

मराठीची अडचण

बाजारातली काही भाषांतर-उपकरणे मोजक्या युरोपीय भाषांपासून सुरू झाली. सप्टेंबर 2025 मध्ये ॲपलने इअरबडमध्ये थेट भाषांतर आणले तेव्हा सुरुवातीच्या यादीत एकही भारतीय भाषा नव्हती. केंद्र सरकारच्या 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ प्रकल्पात मराठी आहे, पण तो प्रामुख्याने फोन आणि सरकारी सेवांसाठी चालतो.

यादीत नाव आले म्हणून काम भागत नाही. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. ‘तुम्हाला या गाडीत जागा मिळेल असं मला वाटत’ एवढे ऐकून इंग्रजीत भाषांतर सुरू करणारे यंत्र ‘नाही’ आले की तोंडघशी पडते. म्हणून ते थांबते, आणि वर पाहिलेल्या 200 मिलिसेकंदांच्या हिशेबात हा थांबा फार लांब ठरतो. तेलुगू किंवा हिंदीतही क्रियापद शेवटीच येते, त्यामुळे मराठी-तेलुगू थेट भाषांतराला हा त्रास कमी व्हायला हवा. पण भाषांतर इंग्रजीच्या वाटेने फिरवून आणले की हा फायदा हातचा जातो. त्याच वाटेवर तू, तुम्ही आणि आपण यांतला भेदही गळतो. साठीच्या बाईंना यंत्राने ‘तू कुठे चाललीस’ म्हटले तर भाषांतर बरोबर असूनही संभाषण बिघडते.

नावाचेही तसेच. इंग्रजी जगासाठी बनलेल्या स्मरण-प्रणाली नाव दाखवतात. मराठी घरात वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारत नाहीत; बोलणाऱ्याला हवे असते ते नाते. मांडवातली जाणती बाई ‘सुशीला’ असे सांगत नाही, कोणाची कोण ते सांगते. लिपीचा प्रश्न त्याहून साधा पण रोजचा आहे: शिरोरेघेवर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे असल्याने देवनागरी ओळीला रोमन ओळीपेक्षा जास्त उंची लागते, आणि काचेतल्या पडद्यांवर उंचीच कमी असते.

नाशिक जिल्ह्यात या सगळ्याची कसोटी लागते. मालेगाव-बागलाण पट्ट्यात अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, शहरात मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. प्रमाण मराठीवर शिकवलेले श्रुतलेखन इथल्या कर्णबधिर माणसाला कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

सिंहस्थ आणि उरलेले प्रश्न

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या पुढच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी ठरले आहे आणि मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत. अनेक भाषा बोलणारे लाखो लोक अनोळखी स्वयंसेवकाला, पोलिसाला, परिचारिकेला गाठून काहीतरी विचारतील. समोरासमोरच्या माहितीची एवढी दाट गरज दुसरीकडे क्वचितच असते. 2025 च्या प्रयागराज कुंभात ‘कुंभ सहायक’ हा अकरा भाषांतला संवादक फोनवर होता. तोच आधार स्वयंसेवकाच्या कानात किंवा छातीवरच्या बिल्ल्यात आणणे आता तांत्रिकदृष्ट्या आवाक्यात आहे. गर्दीचा गोंगाट, पावसाळी ऑगस्ट, दिवसभर न टिकणारी बॅटरी आणि कोंडीत तुटणारे नेटवर्क या अडचणी त्याच्या वाटेत आहेत.

2015 च्या सिंहस्थाआधी रासकर यांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारे ‘कुंभथॉन’ भरले, आणि पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र शहरात उभे राहिले. कुंभथॉनमधून निघालेले ‘अशिओतो’ हे उपकरण म्हणजे जमिनीवर अंथरायची, पावलांच्या दाबाने माणसे मोजणारी पट्टी. किती गेले हे ती सांगते, कोण गेले हे तिला कळत नाही. हरवलेल्या आजीला घरच्यांकडे पोहोचवायचे तर मात्र ती कोण हे कळावे लागते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला स्वतःचे गाव सांगता येत नसेल तर चेहरा ओळखणारे उपकरण तिचा सर्वांत मोठा आधार ठरू शकते. त्याच उपकरणाने शेजारच्या हजारोंचे चेहरेही टिपलेले असतात.

विदा कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होण्याची मुदत मे 2027 मध्ये संपते, पहिल्या स्नानाच्या सुमारे तीन महिने आधी. स्वयंसेवकाने घातलेल्या उपकरणासाठी यात्रेकरूची संमती कोणत्या खुणेने घ्यायची, नकार कसा नोंदवायचा, भाषांतर चुकून इजा झाली तर उत्तर कोणी द्यायचे, मेळा संपल्यावर साठवलेले आवाज आणि चेहरे केव्हा पुसायचे, यांवर सर्वमान्य संकेत अजून बनलेले नाहीत. प्रयोगांतले निष्कर्ष बहुतेक विद्यापीठांतल्या तरुणांच्या, दोघादोघांच्या, शांत खोलीतल्या गप्पांवरून काढलेले आहेत. चार पिढ्यांचे कुटुंब, त्यांच्या मध्ये उभा असलेला एक स्वयंसेवक आणि एकाच वेळी बोलणारी पाच माणसे, अशा संभाषणात माहिती कोणाला, केव्हा आणि कोणत्या इंद्रियाला द्यावी याचा अभ्यास अजून व्हायचा आहे.